सोलापूरची थंडी आणि मोटारीची ऊब

सोलापूर म्हटले की प्रथम डोळ्यांपुढे येते ते तेथील ऊन. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि भर दुपारी रस्त्यावरील डांबर पायाखाली मऊ लागते. अशा गावी मोटारीच्या इंजिनास ऊब हवी असते असे कोणी म्हटले, तर ऐकणारा हसल्यावाचून राहणार नाही. परंतु संक्रांतीच्या सुमारास, सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा भरते त्या दिवसांत, याच गावचा पारा पहाटे १५ अंशांच्या आसपास आणि एखाद्या वर्षी त्याहूनही बराच खाली उतरतो. सोलापूरच्या प्रसिद्ध चादरी अंगावरून दूर सारणे अशा पहाटे जिवावर येते. त्याच वेळी ज्या गृहस्थास मोटार बाहेर काढावी लागते, त्यास कधीकधी एक चमत्कारिक अनुभव येतो. गाडी आठ-दहा किलोमीटर गेली तरी उष्णता दाखविणारा काटा थंडाच्या खुणेवरून हलत नाही. इंजिन आचके देते आणि पेट्रोल नेहमीपेक्षा अधिक जळते.

दोष बहुधा एका लहानशा झडपेचा असतो. लिंबाएवढ्या आकाराच्या या झडपेस थर्मोस्टॅट म्हणतात. ती बदलणे हे घरच्या अंगणात तासा-दोन तासांत उरकण्यासारखे काम आहे. परंतु वर्षानुवर्षे आपल्याकडे या दोषावर दुसराच उपाय सांगितला गेला. ‘आपल्या हवेत हिचे काय काम? काढून टाका,’ असे म्हणून मिस्त्रीने ती झडप उपटावयाची आणि मालकाने समाधान मानावयाचे. हा सल्ला चुकीचा होता. पण तो केवळ अज्ञानातून आला असे मात्र म्हणता येत नाही. तो कसा रुजला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे समजण्यास त्या झडपेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

प्रथम इंजिनाचा स्वभाव ध्यानात घ्यावा. पेट्रोल जळते तेव्हा सिलिंडरच्या पोटात क्षणभर २००० अंशांहून अधिक उष्णता निर्माण होते. या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला एक तृतीयांश इंजिनाभोवती खेळविलेल्या पाण्यास मिळतो. हे पाणी रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने निवते आणि पुन्हा इंजिनाकडे येते. ही योजना नसती तर इंजिनाचे लोखंड थोड्याच वेळात जखडून बसले असते. म्हणून मोटारीच्या पहिल्या कर्त्यांनी आपली सारी बुद्धी इंजिन थंड राखण्याकडे लावली. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०० च्या सुमारास मधाच्या पोळ्यासारख्या असंख्य बारीक नळ्यांचा रेडिएटर मर्सिडीज गाडीसाठी तयार केला, तेव्हा शक्तिमान मोटारींचा मार्ग मोकळा झाला.

परंतु थंड राखण्याची विद्या हाती येताच तिची दुसरी बाजू दिसू लागली. फार थंड राहणारे इंजिनही सुखी नसते. पेट्रोलची पूर्ण वाफ न होता त्याचे थेंब सिलिंडरच्या भिंतीवर बसतात आणि तेथील तेलाचा थर धुऊन नेतात. जळताना निर्माण झालेली पाण्याची वाफही त्या गार भिंतीवर जमते. तिच्यात जळणातील द्रव्ये मिसळून सौम्य आम्ल बनते, आणि ते आम्ल लोखंड खात बसते. इंग्लंडातील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने १९३० नंतरच्या दशकात जे प्रयोग केले, त्यांतून हे स्पष्ट झाले की सिलिंडरची झीज घर्षणाने होते त्याहून अधिक या गारव्यातील गंजण्याने होते. इंजिनाचा शत्रू उष्णता ही खरीच. पण ऊब ही त्याची गरज आहे.

जुन्या मोटारीत या गरजेची व्यवस्था नव्हती. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने निघालेली फोर्डची ‘मॉडेल टी’ घ्या. तिच्यात पहिल्या काही गाड्या सोडल्या तर पाणी फिरविण्यास पंपसुद्धा नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, निवलेले जड होऊन खाली उतरे, आणि त्या चढउतारावरच सारा कारभार चाले. थंड मुलखातील मालक हिवाळ्यात रेडिएटरच्या तोंडावर घोंगडी किंवा पुठ्ठा बांधीत. इंजिन तापले की खाली उतरून ते आवरण काढावयाचे आणि उतारावर निवले की पुन्हा बांधावयाचे, असा तो खेळ असे. थर्मोस्टॅटचे काम नेमके हेच आहे. फरक इतकाच की तो ते माणसास रस्त्यावर न उतरविता करतो.

उष्णतेने स्वतःच स्वतःस आवरावे ही कल्पना मोटारीहून कितीतरी जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच संशोधकाने अंडी उबविण्याची एक भट्टी केली होती. भट्टी तापली की मद्यार्क फुगे, तो पाऱ्यास ढकली, आणि पारा चढला की हवेची वाट आवळली जाऊन विस्तव मंदावे. कोंबडीच्या पंखांखालील ऊब यंत्राने राखण्याचा तो प्रयत्न होता. पुढे अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या घड्याळजीने दोन धातूंची जोडपट्टी वापरली. दोन धातू सारख्या उष्णतेने कमीअधिक फुगतात, त्यामुळे पट्टी वाकते. त्या वाकण्याचा उपयोग त्याने घड्याळाची चाल सांभाळण्याकडे केला.

‘थर्मोस्टॅट’ या नावाचा जन्म मात्र गिरणीच्या संदर्भात झाला, आणि ही गोष्ट सोलापूरकरांस विशेष जवळची वाटावी. अँड्र्यू यूर हा स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ. कापडाच्या गिरण्यांना एकसारखी उष्णता लागे. ती कमीजास्त झाली की काम बिघडे. यूरने १८३० मध्ये दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या नियंत्रकाचे पेटंट घेतले आणि उष्ण व स्थिर या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून त्यास हे नाव दिले. यानंतर सुमारे अर्धशतकाने, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून सर्वांच्या तोंडी बसली. वाफेचा बॉयलर, त्याचा दाब दाखविणारा काटा आणि जादा वाफ सोडणारी झडप यांची ओळख या गावच्या कामगारास मोटारीच्या कितीतरी आधी झाली होती. आग नुसती पेटवून भागत नाही, ती मापात ठेवावी लागते, हे त्यास कोणी शिकवावे लागत नव्हते.

मोटारीत ही झडप पहिल्या महायुद्धाच्या सुमारास येऊ लागली. तिचे आरंभीचे रूप बाजाच्या पेटीच्या भात्याची आठवण करून देणारे होते. पितळेच्या पातळ पत्र्याचा घड्याघड्यांचा एक लहान भाता करीत आणि त्यात लवकर उडून जाणारा द्रव भरून तो बंद करीत. पाणी तापले की द्रवाची वाफ होई, भाता ताणला जाई आणि झडप उघडे. परंतु पुढे रेडिएटरास घट्ट झाकण आले आणि पाणी दाबाखाली राहू लागले. त्या दाबाने नाजूक भात्याचे गणित चुकू लागले. या अडचणीवर सर्जियस व्हर्ने याने १९३४ मध्ये काढलेली युक्ती उपयोगी पडली. त्याने धातूच्या लहानशा कुपीत मेण भरले. मेण वितळले की ते फुगते, आणि फुगताना त्याचा जोर एवढा असतो की पाण्याच्या दाबास ते जुमानत नाही. कुपीतून एक दांडी बाहेर ढकलली जाते आणि झडप उघडते. पाणी निवले की मेण गोठते आणि स्प्रिंग झडप मिटवून टाकते. कोणते मेण घ्यावयाचे यावरून झडप ८२ अंशांस उघडावी की ८८ अंशांस, हे ठरविता येते. आजही बहुतेक मोटारींत हीच मेणाची कुपी काम करीत आहे.

झडप मिटलेली असते तेव्हा पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरत राहते आणि लवकर तापते. ते पुरेसे तापले की वाट उघडते. मग चढावर ती अधिक उघडावी, उतारावर थोडी मिटावी, असे तिचे काम प्रवासभर चालू राहते.

आता आपल्याकडील ‘काढून टाका’ या सल्ल्याकडे वळावयाचे. मोटारी येथे आल्या त्या परदेशाहून. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये मुंबईस शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, पण तेथे येणारे भाग पेट्यांत बांधूनच समुद्रापलीकडून येत. सोलापूरहून मुंबईस निघालेल्या गाडीस उन्हाळ्यात मोकळ्या माळावरचे ऊन सोसावे लागे आणि शेवटी खंडाळ्याचा घाट लागे. गाडीत पाण्याचा डबा ठेवल्यावाचून कोणी शहाणा माणूस लांबच्या प्रवासास निघत नसे. अशा वाटेवर थर्मोस्टॅट मिटलेल्या स्थितीत अडकला तर पाणी उकळून इंजिन निकामी होण्याची भीती असे. नवी झडप मागवावयाची तर ती मुंबईच्या दुकानात असेल तर मिळावयाची, नाही तर आगबोटीची वाट पाहावयाची. मिस्त्रीपुढे गाडी उभी आणि मालक घाईत. त्याने झडप काढून पाण्यास मोकळी वाट करून दिली, यात त्याचा दोष थोडा आणि परिस्थितीचा अधिक. त्या दिवसापुरता तो उपाय योग्यही होता. वाईट इतकेच झाले की अडचणीतील उपायाचा नियम बनला, आणि भाग मिळू लागल्यावरही तो नियम सुटला नाही.

भागांच्या या दुर्भिक्ष्याचे मूळ तोडावे असे ज्या मोजक्या माणसांनी मनात घेतले, त्यांपैकी एक सोलापूरचाच होता. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरात झाला. घरचा व्यापार सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली, पुढे १९१९ मध्ये सिंधिया आगबोट कंपनीच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना उभा केला. मोटारीचा कारखाना या देशात निघावा ही योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली होती. वालचंदांनी ती आपली मानली. परकीय सरकारने युद्धकाळात तिला आधार दिला नाही. तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिल्या गाड्या बाहेर पडल्या.

आरंभी तेथेही परदेशी भागांची जुळणीच अधिक होती. परंतु गाडी जुळविणे आणि गाडी बनविणे यांतील भेद पुढे सरकारी धोरणातच आला. १९५३ मध्ये असे ठरले की ज्यांना येथे भाग बनवावयाचे नाहीत त्यांनी केवळ जुळणीचा धंदा करू नये. त्याच वर्षी वालचंदांचे निधन झाले. जनरल मोटर्सने लवकरच येथील जुळणी बंद केली. प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडून लहान गाड्या काढल्या, आणि त्यांतील भाग वर्षागणिक अधिकाधिक देशात होऊ लागले. १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची ती फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दारात उभी राहिली. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ पर्यंत धावली.

या इतिहासाचा घरगुती अर्थ फार साधा आहे. पट्टा, नळी, झडप हे भाग तालुक्याच्या गावी दुकानात मिळू लागले, तेव्हाच मोटारीची दुरुस्ती ही सामान्य गृहस्थाच्या आवाक्यातील गोष्ट झाली. भाग बनविणाऱ्या देशातच भाग बदलण्याची सवय रुजते. जेथे भाग मिळत नाही तेथे तो काढून टाकण्याची सवय लागते.

आणि काढून टाकल्याची किंमत मोजावी लागतेच. झडप नसलेले इंजिन हिवाळ्याच्या पहाटे फार उशिरा तापते, गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचे तर अनेकदा तापतच नाही. शिवाय कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅटचा खालचा भाग आणखी एक काम करतो. रेडिएटरची वाट उघडताना तो आतली आखूड वाट बंद करतो. झडपच काढून टाकली तर ती आखूड वाट कायमची उघडी राहते, पाण्याचा बराच भाग न निवताच तेथून परत फिरतो, आणि ज्या उन्हाळ्याच्या भीतीने झडप काढली त्याच उन्हाळ्यात इंजिन अधिक तापते. अलीकडच्या गाड्यांत तर पेट्रोल किती सोडावयाचे हे संगणक ठरवितो. पाणी गार आहे असे कळले की तो इंजिन अजून तापावयाचे आहे असे समजून अधिक पेट्रोल सोडीत राहतो. खर्च वाढतो, धूरही वाढतो.

म्हणून सोलापूरच्या गृहस्थाने जानेवारीतील एखाद्या सुटीच्या सकाळी हे काम हाती घ्यावे, यात वावगे काही नाही. मात्र क्रम पाळला पाहिजे. गाडी रात्रभर उभी असावी. थंडीचा येथे फायदाच होतो, कारण इंजिन पूर्ण गार असल्यावाचून रेडिएटरचे झाकण उघडावयाचे नसते. दाबाखालील पाणी १०० अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते उसळून हात-तोंड भाजते. प्रथम खालच्या तोटीने पाणी एका भांड्यात काढावे. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकॉल नावाचे द्रव्य मिसळलेले असते. ते चवीला गोड पण विषारी आहे. लहान मुले आणि कुत्री-मांजरे यांच्यापासून ते भांडे दूर ठेवावे. सोलापुरात पाणी गोठण्याची भीती नाही, तरी हे द्रव्य गंज रोखते आणि उत्कलनबिंदू वाढविते, म्हणून त्याची येथेही गरज आहे.

बहुतेक इंजिनांत रेडिएटरची एक जाड रबरी नळी ज्या धातूच्या टोपीत शिरते, तिच्याखाली थर्मोस्टॅट बसलेला असतो. दोन-तीन बोल्ट सोडले की टोपी निघते. जुनी झडप कशी बसली आहे हे नीट पाहून ठेवावे. मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनाच्या बाजूस असते. उलटी बसविली तर ती वेळेवर उघडत नाही. तिच्या कडेस हवा जाण्याचे बारीक छिद्र असेल तर ते वरच्या अंगास यावे.

जुनी झडप खरोखर बिघडली आहे काय, आणि नवी ठीक आहे काय, याची परीक्षा स्वयंपाकघराच्या शेगडीवर होते. मात्र भांडे त्यासाठी वेगळे ठेवावे. पातेलीत पाणी घेऊन झडप दोऱ्याने अशी टांगावी की ती बुडाला टेकणार नाही. शेजारी उष्णतामापक धरावा. चांगली झडप गार पाण्यात घट्ट मिटलेली असते, तिच्यावर कोरलेल्या अंकाच्या आसपास हलू लागते आणि उकळी येईपर्यंत चांगली उघडते. समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवरील सोलापुरात उघड्या पातेलीतील पाणी १०० अंशांच्या किंचित आधीच उकळते, तरी या परीक्षेस ते पुरते. गार पाण्यातही जी उघडीच असते ती झडप इंजिनास गार ठेवणारी. उकळत्या पाण्यातही जी मिटलेली राहते ती इंजिनाचा घात करणारी.

पुढचे काम सावकाशीचे. जुने पॅकिंग धातूस ओरखडा न पाडता खरवडून काढावे, नवे बसवावे आणि बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत. मग पाणी व द्रव्य यांचे मिश्रण हळूहळू भरावे. इंजिन चालू करून आत कोंडलेली हवा त्या गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे निघू द्यावी, कारण हवेचा बुडबुडा पाण्याची वाट अडवितो. थोड्या वेळाने वरची नळी एकाएकी गरम लागली म्हणजे झडप उघडली असे समजावे. इंजिन पुन्हा निवल्यावर पाणी कमी झाले असल्यास भर घालावी, आणि पंख्याजवळ हात नेण्यापूर्वी इंजिन बंद आहे याची खात्री करावी.

एवढे झाले की दुसऱ्या दिवशी पहाटे काटा काही मिनिटांतच मधल्या खुणेवर येतो आणि तेथे स्थिर राहतो. वैशाखातही तो तेथेच राहावा, यासाठीच ती झडप आहे. ड्रेबेलच्या भट्टीतील अंड्यांना, यूरच्या काळच्या गिरण्यांना आणि आजच्या मोटारीस हवे आहे ते एकच. उष्णता नुसती जास्त नको आणि नुसती कमीही नको; ती मापात हवी. उन्हाळ्याच्या गावात हे माप राखणारी वस्तू निरुपयोगी वाटली, कारण उन्हाळा डोळ्यांना दिसत होता आणि इंजिनाच्या पोटातील गारवा दिसत नव्हता. जो भाग बराच वेळ नुसता मिटून बसलेला असतो तो काहीच करीत नाही, असे समजून तो फेकून देण्याची चूक सोपी आहे. मिटून राहणे हेच त्याचे अर्धे काम होते.